आबांनी पारखलेली पायगाडी

ठाण्याचे एक म्हातारे गृहस्थ आपली जुनी पायगाडी विकायला काढताहेत, ही बातमी मला शाळेत कळली. त्या दिवशी मी पोरांना पाढे म्हणायला लावले आणि खिडकीबाहेर बघत बसलो. पायगाडी म्हणजे हल्ली जिला सगळे सायकल म्हणतात ती. गेलं शतक संपत आलं होतं, त्या वेळी कल्याणात ती कुणाकडेच नव्हती. मी एकदा मुंबईत एका साहेबाला तिच्यावर बसून तरंगत जाताना पाहिलं होतं आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. माझी शाळा विठ्ठलवाडीच्या पुढच्या एका गावात होती. रोज सकाळी तंगडतोड करत जायचं आणि संध्याकाळी तसंच परत यायचं. चालण्याचा मला मनापासून तिटकारा होता.

पायगाडी घेतो, असं मी घरी सांगितलं तेव्हा आई तांदूळ निवडत होती. "घे," ती म्हणाली, "पण आबांना बरोबर ने."

"आबांना? पायगाडी बघायला?"

"जुनं जनावर घ्यायला आबांशिवाय कोणी जातं का या गावात?" हे ती मोठ्याने म्हणाली, ओटीवरच्या आबांना ऐकू जावं म्हणून. मग सूप खाली ठेवून हळूच म्हणाली, "बोलावणं येऊन किती दिवस झाले त्यांना. ने रे."

आबा म्हणजे माझे वडील. बैल पारखण्यात त्यांचा हात धरणारा माणूस कळव्यापासून कल्याणापर्यंत नव्हता. कुणाला बैल घ्यायचा असला की तो आधी आमच्या ओटीवर यायचा. आबा जायचे, जनावराला उजवीकडून फेरी घालायचे, दात बघायचे, खूर दाबायचे, अंगावरचे भोवरे तपासायचे आणि शेवटी दोनच शब्द बोलायचे, "घे" किंवा "नको". त्यावर पुन्हा चर्चा नसे. पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि बोलावणी थांबली. तोंडावर कोणी काही बोललं नाही. लोक आपापले बैल घेऊन मोकळे झाले, आणि आमच्या घरावरून जाताना बैलाच्या गळ्यातली घंटा मुठीत धरून जाऊ लागले. आबा मात्र रोज सकाळी पागोटं बांधून, उपरणं खांद्यावर टाकून, काठी हाताशी घेऊन ओटीवर बसायचे. कुणी आलंच तर आपल्यामुळे खोळंबा नको. तयार होऊन बसलेला तो माणूस मला बघवत नसे.

मी त्यांना नेलं. आगगाडीने ठाण्याला गेलो.

विकणारे गृहस्थ ख्रिस्ती होते, मिठाच्या खात्यातून निवृत्त झालेले. अंगात काळा कोट, पायांत काही नाही. अंगणातल्या आंब्याला पायगाडी टेकवून ठेवली होती. ती पाहून माझ्या छातीत धडधडायला लागलं. रंग उडाला होता, बसायच्या चामड्याला भेग पडली होती, पण चाकं गोल होती आणि मला तेवढं पुरे होतं.

आबांनी माझं मनगट धरलं. "कुठे बांधलंय?" त्यांनी विचारलं.

"टेकवलंय, आबा. झाडाला."

"मोकळं सोडलंय?" आबांना हे आवडलं. "म्हणजे पळपुटं नाही."

आणि त्यांनी उजवीकडून फेरी सुरू केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, आता हे गृहस्थ हसणार. पण ते हसले नाहीत. त्यांनी कोटाची बटणं लावली आणि आबांच्या मागून तेही फेरी घालू लागले. आयुष्यभर सरकारी तपासणी केलेला आणि करवून घेतलेला तो माणूस होता. तपासणी चालू असताना हसायचं नसतं, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं.

आबांनी दोन्ही हातांनी पुढचं हँडल चाचपलं. "शिंगं मागे वळलेली. बरी." मग पाठ दाबून बघितली. पाठ म्हणजे ती चामड्याची बैठक. ती कुरकुरली. "पाठीला लागतंय याला. ओझं जड टाकलेलं आहे कुणीतरी."

"मीच ते," गृहस्थ खाली मान घालून म्हणाले. "निवृत्त झाल्यावर सुटलो जरा."

मग आबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि पायगाडीच्या तोंडासमोर फडकन झटकलं. जनावर बुजतं का ते बघायची ही रीत. पायगाडी बुजली नाही. आबांनी तिच्या मागे जाऊन टाळी वाजवली. ती हलली नाही. "एवढं शांत जनावर मी जन्मात हाताळलं नाही," आबा म्हणाले. "बहिरं तर नाही ना?"

"नाही नाही," गृहस्थ घाईघाईने म्हणाले आणि त्यांनी घंटी वाजवून दाखवली. घंटी वाजली म्हणून ऐकू येतं हे कसं सिद्ध झालं, ते मला आजतागायत समजलेलं नाही. आबांनी मात्र मान डोलावली.

नंतर दात. खालच्या दातेरी चाकावरून आबा बोट फिरवत गेले. बैलाचं वय दातांवरून कळतं, दोन दाती, चार दाती, सहा दाती असं. इथे दात संपेचनात. आबांचं बोट गोल फिरून पुन्हा पहिल्या दातावर आलं तरी त्यांना पत्ता नाही, ते मोजतच होते. शेवटी थकून म्हणाले, "तोंड भरलेलं आहे. झिजलेत पण पडलेला एकही नाही."

सगळं इतकं छान चाललं होतं, आणि आबांनी तिच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या चाकावर, जोरात थाप मारली. पायगाडी झाडावरून घसरली आणि धाडकन आडवी झाली.

कामाच्या वेळी बसकण मारणारं जनावर म्हणजे सगळ्यात वाईट खोड. तसल्या बैलाला आबा उभ्या जन्मात "घे" म्हणाले नव्हते.

"बसलं?" आबांनी विचारलं.

"तसं नाही हो, दादा," गृहस्थ काकुळतीला आले. "चालत असलं की अजिबात पडत नाही. उभं केलं तरच पडतं."

"म्हणजे कामाला लावलं की ताठ आणि रिकामं ठेवलं की आडवं." आबांनी थोडा विचार केला. "माझा सासरा असाच होता. चांगला माणूस होता."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. शेवटची रीत उरली होती. विकणाऱ्याने जनावराच्या पाठीवर हात ठेवून त्याची एक तरी खोड खरी सांगायची. न सांगता विकलं तर ते पाप विकणाऱ्याच्या माथी. आबांनी ते समजावून सांगितलं. गृहस्थांनी पायगाडी उचलून उभी केली, बैठकीवर हात ठेवला, डोळे मिटले. चर्चमध्ये उभे असावेत तसे ते उभे होते.

"डावीकडे ओढते," ते म्हणाले.

"अजून सांगा," खिडकीतून त्यांची बायको म्हणाली. "मिठागराच्या खाजणात, चिखलात, दोनदा ह्यांना घातलंय तिने. म्हैस पण असं करणार नाय."

"ते माझंच चुकलं होतं," गृहस्थ म्हणाले. खाजणात पडूनही पायगाडीची बाजू घेणारा तो माणूस मला फार आवडला.

मग भाव. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली दोघांनी हात हातात घ्यायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. आबांनी उपरणं पसरलं, त्याखाली गृहस्थांचा हात धरला आणि बोटं दाबली. गृहस्थांना वाटलं, हा निरोपाचा हात आहे. त्यांनी तो जिव्हाळ्याने गदागदा हलवला. आबा चकित झाले. इतक्या लवकर मान्य करणारा विकणारा त्यांना कधी भेटला नव्हता. नेमकं काय ठरलं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. मी जे जवळ होतं ते पुढे केलं आणि गृहस्थांनी न बघता खिशात घातलं.

आबांनी पुन्हा माझं मनगट धरलं. मग म्हणाले, "घे."

घरी गाडीने यायचं नाही, हे ओघानेच आलं. नवं जनावर चालवत आणायचं, म्हणजे त्याची चाल कळते. मी एका हाताने पायगाडी आणि दुसऱ्या हाताने आबांना धरून कळव्याच्या वाटेला लागलो. मिठागरातली माणसं काम थांबवून बघत राहिली. "काय घेतलंव बाबा?" एकाने ओरडून विचारलं. "तोंड भरलेलं आहे!" आबांनी ओरडून उत्तर दिलं. त्या दिवशी ते माझ्यापुढे दीड पाऊल चालत होते. दिवेलागणीला घरी पोचलो तेव्हा आईने दोन्ही चाकांवर पाणी घातलं, हँडलला कुंकू लावलं, ओवाळलं आणि गूळ पुढे धरला. पायगाडी खाईना, म्हणून तो मी खाल्ला.

पुढचे काही दिवस मी तळ्याकाठी पडत होतो आणि उठत होतो. एकदाचं जमलं. विठ्ठलवाडीच्या वाटेवर मी त्या साहेबासारखा तरंगत गेलो आणि मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं. ते सार्थक आठवडाभरसुद्धा टिकलं नाही. झिजलेल्या त्या दातांवरून साखळी घसरू लागली, आणि एका सकाळी कटकन तुटून वाटेवर पडली. लोहाराने बैलाच्या दाव्याला घालतात तशी कडी घालून ती जोडून दिली. ती कडी दातात बसेना. मुंबईला निरोप धाडला तर कळलं, असली पायगाडी करणंच आता बंद झालंय.

मी संतापून घरी आलो. आबांना फाडकन सांगायचं असं ठरवूनच आलो. तर ओटीवर शेजारचा शिंपी बसलेला. त्याला कुठलं तरी जुनं शिवणयंत्र घ्यायचं होतं. "ज्यांनी पायगाडी पारखली त्यांनाच न्यायचं, असं ठरवलंय मी," तो म्हणत होता. आबांचं पागोटं डोक्यावर होतंच. काठी हातात घ्यायला त्यांना पळसुद्धा लागलं नाही. आई दारात उभी होती. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या साखळीकडे. मी साखळी धोतराच्या ओच्यात कोंबली.

तिथून माझं ते वेड्यासारखं जगणं सुरू झालं. पायगाडी बिघडली असं कळलं तर आबांचा शब्द पडला असता आणि ओटी पुन्हा रिकामी झाली असती. म्हणून पायगाडी चालत राहणं भाग होतं. आमच्या दारापासून तळ्यापर्यंत उतार होता. सकाळी मी सगळ्यांदेखत ऐटीत बसायचो आणि घंटी वाजवत उतारावरून घरंगळत जायचो. गावाबाहेर पडलं की उतरायचं आणि ढकलायचं. येताना चढ. तेव्हा मागच्या चाकाच्या आसाला चढायसाठी जी छोटी पायरी होती, तिच्यावर एक पाय ठेवायचा आणि दुसऱ्या पायाने जमीन मागे रेटत रेटत, घाम पुसत, हसऱ्या चेहऱ्याने दारात यायचं. नुसता चालत होतो तेव्हा शाळेत वेळेवर पोचायचो. पायगाडी आल्यापासून रोज उशीर होऊ लागला. हेडमास्तर म्हणाले, "एवढं वेगवान वाहन घेतलंत, आता तरी लवकर निघत जा."

शेतातली माणसं मला ढकलताना बघायची. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणालो, "दम खाऊ देतोय तिला." त्यांना ते पटलं. एवढ्या उन्हात जनावराला किती दामटायचं! मास्तर मायाळू आहे, असं माझं नाव झालं. एका म्हाताऱ्याने तर पायगाडीला सावलीत उभं करायला आपल्या चिंचेखाली जागा दिली.

इकडे आबांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. शिंप्यानंतर भजनी मंडळी आली, त्यांना बाजाची पेटी घ्यायची होती. मग कुणी भिंतीवरचं घड्याळ, कुणी उसाचा चरक. आबा प्रत्येकाला उजवीकडून फेरी घालायचे, उपरणं झटकायचे, थाप मारायचे. आणि दर वेळी म्हणायचे, "नको." शिवणयंत्राबद्दल म्हणाले, अंगावर येणारं आहे, धन्याच्या बोटाला चावेल. पेटी ऐकून म्हणाले, हिला धाप लागते, अभंग पुरा होणार नाही. टिकटिकीवरून घड्याळाचा एक पाय लंगडा निघाला. चरक तर त्यांनी अंगणातूनच परत पाठवला. त्या पायगाडीनंतर त्यांनी एकाही वस्तूला "घे" म्हटलं नाही. लोक खट्टू होऊन परत जायचे आणि दुसऱ्याच वस्तूसाठी पुन्हा यायचे. वयाप्रमाणे माणूस कडक होतो, असं मी समजलो. लोकांना तर तो कडकपणा फारच आवडला.

इतका आवडला, की एक दिवस विठ्ठलवाडीच्या पुढचा एक मोठा शेतकरी स्वतः आमच्या ओटीवर आला. त्याला बैल घ्यायचा होता. खराखुरा बैल.

"माझ्या पोरांना दिसेल तो बैल पसंत पडतो," तो आबांना म्हणाला. "मला असा माणूस हवा, ज्याला काहीच पसंत पडत नाही. तुम्ही घे म्हणाल तो घेईन. सकाळी बैलगाडी धाडतो."

आबांनी काठी जवळ ओढली. त्या काही महिन्यांत त्यांचे गुडघेही गेले होते, चार घरं चालणं होत नसे. मी मनात म्हटलं, बरं झालं, गाडी येतेय.

"गाडी नको," आबा म्हणाले. "आमच्या घरी वाहन आहे."

मी आईकडे बघितलं. आई आत निघून गेली.

सकाळी मी आबांना बैठकीवर बसवलं, त्यांचे हात हँडलवर ठेवले आणि सांगितलं, "मी मागे पायरीवर उभा राहून चालवतो." असं कुणालाही करता येत नाही, पण आबांना ते कुठे ठाऊक? वहाणा मी मुद्दामच घरी ठेवल्या होत्या. आंधळ्या माणसाला पायांचा आवाज नेमका कळतो. एका हाताने त्यांची कंबर आणि दुसऱ्याने बैठक धरून मी अनवाणी धावू लागलो. उतार होता तोवर ठीक गेलं. आबांचं उपरणं वाऱ्यावर उडत होतं. ते घंटी वाजवत होते, समोर कुणी नसतानाही. मी धापा टाकत होतो आणि धापेचा आवाज येऊ नये म्हणून मध्येच श्वास कोंडत होतो. गाव मागे पडलं. बाभळी लागल्या. आणि कचकन एक काटा माझ्या टाचेत घुसला.

"आई गं!"

पायगाडी थांबली. मी तिला मिठी मारून कसाबसा तोल सांभाळला.

"काटा लागला?" आबांनी विचारलं.

"हो," मी बोलून गेलो.

"पायगाडीवर उभ्या असलेल्या माणसाच्या पायात?"

वाटेत कुणी नव्हतं. आबांनी हँडलवरचा एक हात काढला आणि चाचपत माझ्या डोक्यावर ठेवला. माझे केस घामाने निथळत होते.

"सकाळी जाताना तुझ्या वहाणा वाजत नाहीत," ते म्हणाले. "संध्याकाळी येताना एकच वाजते. पहिल्या पंधरवड्यापासून ऐकतोय. मला वाटलं, पोरगा लंगडा झाला की काय. तुझ्या आईला विचारलं, तर म्हणाली, पायगाडीवर बसलं की तसंच वाजतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू बोललास?"

मी वाटेतच खाली बसलो. इतके दिवस केलेली सगळी मरमर माझ्या अंगावर आली. मला रडू येत होतं आणि काटाही काढायचा होता. एका हाताने पायगाडी धरली होती, तिच्यावर आबा दोन्ही पाय जमिनीला टेकवून पागोटं सावरत बसले होते.

"त्या दिवशी तुझं मनगट धरलं होतं मी," आबा म्हणाले. "नाडी अशी उडत होती तुझी. मला त्या वस्तूतलं एक अक्षर कळलं नव्हतं. नुसतं लोखंड लागत होतं हाताला. तुला हवी होती म्हणून घे म्हटलं. फसलास तू. आणखी कुणी असं ढकलत बसायला नको, म्हणून पुढे कुणालाच घे म्हटलं नाही."

मी काटा काढला. टाचेतून थोडं रक्त आलं, ते मातीने पुसलं.

"चल, ऊठ," आबा म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हात परत हँडलवर ठेवले. "आज बैल आहे. बैलातलं मला कळतं. आता उघड उघड ढकल, उशीर होतोय."